तुळशी तलावाला फेरी नको, आहेत त्या वाटा नीट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशी तलाव भरून वाहायला लागला की दरवर्षी तुमच्या पेपरात तो सांडव्याचा फोटो येतो आणि आमची आई तो बघून दरवर्षी एकच वाक्य बोलते, 'चला, यंदा पाणीकपात नाही.' तिला कितीदा सांगितलं की अगं मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत हा सगळ्यात छोटा, हा भरला म्हणून काय भातसा भरत नाही, पण ते असो. यंदा त्या फोटोच्या पाठोपाठ तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकाचं पत्र आलं. एवढा सुंदर डोंगरातला तलाव मुंबईच्या पोटात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, मग त्याच्याभोवती मस्त गोल रनिंग ट्रॅक का करत नाही, मरीन ड्राइव्हवर सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर आदळत किती वर्षं धावायचं, असा एकूण सूर. पत्र चांगलं होतं, कळकळीने लिहिलेलं होतं. मी दोन दिवस गप्प बसलो आणि मग राहवेना म्हणून हे लिहितोय, कारण ह्या प्रकरणात माझे स्वतःचे हात काळे झालेले आहेत. कसे ते सांगतो.

मी बोरिवली पूर्वेला राहतो. नऊ वर्षं झाली धावतोय. सुरुवात सगळ्यांसारखीच, ऑफिसच्या मेडिकलमध्ये शुगर बॉर्डरवर आली, मग सोसायटीतल्या एकाने हाताला धरून हायवेच्या सर्व्हिस रोडवर नेलं, मग जानेवारीतली मॅरेथॉन, मग सिमेंटच्या रस्त्याने गुडघे बोलायला लागले, आणि मग कुणीतरी म्हणालं मातीत पळ. ट्रेल रनिंग म्हणतात त्याला. ज्याने केलं नाही त्याला कसं सांगू, रस्त्यावर तुम्ही घड्याळाकडे बघत पळता आणि इथे पायाखाली बघत. मुळं, सुटे दगड, ओली पानं, प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर काढणारा माणूस इथे दहा मिनिटं घेतो आणि खुशीत असतो. म्हणजे त्या पत्रलेखकांची ओढ मला शंभर टक्के कळते. नकाशात तुळशीचा तो निळा तुकडा बघितला की कुठल्याही रनरचं बोट आपोआप त्याच्याभोवती गोल फिरतं. माझंही फिरलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तुळशी सनराइज लूप, चौदा किलोमीटर, माणशी आठशे रुपये, नाश्ता आणि परमिशन सकट. ग्रुपचं नाव सांगत नाही, सांगून काय उपयोग, आता त्यांनी नाव बदललंय. मी पैसे भरले. परमिशन कसली, कुणाची, कागद दाखवा, असं मी एका शब्दाने विचारलं नाही हे आधी कबूल करतो. ऑक्टोबरचा पहिला रविवार, पहाटे साडेपाच, आम्ही बावीस जण डोक्याला टॉर्च लावून एका पाड्याच्या मागून आत शिरलो. कुठून ते मुद्दाम लिहीत नाही.

पावसाळा संपता संपता त्या जंगलात मोठे कोळी वाटेवर आडवी जाळी लावतात, पार ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत, आणि धागा इतका चिवट की कपाळावर ताणला जातो आणि मग तुटतो. जो पुढे धावतो त्याच्या तोंडावर पहिलं जाळं. मी पुढे होतो. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये अशी आठ-नऊ जाळी मी तोंडाने फाडली असतील, दाढीत अडकलेले धागे काढत होतो आणि मागचे हसत होते. तेव्हा मलाही गंमत वाटली. आता विचार केला की कळतं, ती जाळी तिथे अख्खी होती ह्याचाच अर्थ त्या वाटेने त्या दिवशी आमच्याआधी एक माणूस गेलेला नव्हता.

उजाडता उजाडता एक मावशी समोरून आली, डोक्यावर मोळी, पायात स्लिपर, आणि मागे दहा-बारा वर्षांची मुलगी. दोघी मोठमोठ्याने बोलत येत होत्या, भांडतायत की काय असं वाटावं इतक्या मोठ्याने. आम्ही थांबलो, वाट दिली. मावशीने आमच्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, 'दादा, असे गुपचूप कशाला पळता? आम्ही बोलत जातो. त्याला कळायला नको का कोण येतंय?'

तो म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. आमच्यातल्या निम्म्यांच्या कानात इयरफोन होते.

ह्या उद्यानात आणि आसपास मिळून पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, कॅमेरे लावून केलेली मोजणी आहे, आणि जागा किती तर साधारण १०४ चौरस किलोमीटर, तीही चारी बाजूंनी बिल्डिंगांनी घेरलेली. बिबट्या दिसला तर काय करायचं हे सगळीकडे सांगतात, लहान मुलांना पण पाठ आहे: पळू नका, खाली वाकू नका, आवाज करत हळूहळू मागे सरका. आता गंमत बघा, पळू नका ही पहिली सूचना आणि आम्ही तिथे जातोच पळायला. तेही पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं त्याच्या फिरण्याच्या वेळेला, तेही आवाज न करता, आणि शूलेस बांधायला खाली वाकतो ते वेगळंच. बिबट्याचा ह्यात काय दोष मला सांगा.

तर आम्ही तलावापर्यंत पोचलो. खोटं का बोलू, जागा बघून मी हरखलोच. धुकं पाण्यावरून उठत होतं, मागे डोंगर, आणि आपण मुंबईत आहोत ह्यावर विश्वास बसू नये अशी शांतता. काठाला चिखल होता आणि त्यात चितळांच्या खुरांचे ठसे इतके दाट की चिखल कुणी मुद्दाम टोचून ठेवल्यासारखा. त्या ठशांवरून एक रुंद, गुळगुळीत, ओलसर घसरण पाण्यात गेलेली. मला वाटलं कुणी होडी ओढलीय. एकजण हळूच म्हणाला, मगर. तुळशीत आणि शेजारच्या विहार तलावात मगरी आहेत हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ऐकणं वेगळं आणि ती घसरण बुटाच्या टोकापासून चार फुटांवर बघणं वेगळं.

आणि लूप? लूप नव्हताच! नकाशावर वाटतं तलाव म्हणजे ताटली, प्रत्यक्षात तो हाताच्या पंजासारखा आहे, पाण्याची बोटं डोंगराच्या घळींमध्ये आत आत गेलेली. प्रत्येक बोटाला वळसा घालायचा म्हणजे एक ओढा ओलांडा, चढा, उतरा, कारवीच्या झुडपांत घुसा. कारवी डोक्याएवढी होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते, तोपर्यंत तिची मुळं त्या उतारावरची माती धरून असतात आणि ती माती धरली नाही तर ती पावसात जाते कुठे, तर सरळ तलावात. आम्ही बावीस जण तिच्यातून दणादणा वाट पाडत गेलो.

तिसऱ्या ओढ्यात आमच्यातल्या एकाचा पाय शेवाळावरून सटकला. घोट्यातून कट् असा आवाज मी पाच फुटांवरून ऐकला. पाय पाच मिनिटांत पावासारखा फुगला. फोनला रेंज नाही, ज्याने पैसे घेतले तो लीडर पुढच्या फास्ट बॅचबरोबर कधीच निघून गेलेला, फर्स्ट एडच्या पिशवीत काय तर बँडेडच्या तीन पट्ट्या आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, मधेच पाठुंगळी घेऊन, आम्ही त्याला अडीच तासांत बाहेर आणला. वाटेत एक वनरक्षक भेटला, त्याने आधी आमच्या मित्राच्या पायाला स्वतःच्या काठीचा टेकू दिला, पाणी दिलं, आणि मग नावं लिहून घेत असं काही झापलं की मी शाळा सोडल्यापासून तसं कुणी झापलं नव्हतं. आणि बरोबर झापलं. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी कळलं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. लीडरचा फोन रात्रीपर्यंत बंद. आठशे रुपये गेले ते गेलेच.

पण ह्यात माझी खरी चूक अजून सांगितलीच नाही. घरी येऊन मी काय केलं, तर सवयीने घड्याळातला तो सगळा रन धावण्याच्या ॲपवर चढवला. फोटोसकट. नकाशावर तांबडी रेघ, कुठून शिरलो, कुठे वळलो, कुठे तलावाला टेकलो, सगळं. दणकून लाइक आले. महिनाभराने सहज उघडून बघितलं तर त्याच रेघेवरून आणखी पंचवीस-तीस लोक धावून गेलेले, कुणी तर आधीच्याची वेळ मोडण्याची शर्यत लावलेली, कमेंटमध्ये विचारतायत 'भाई गार्ड किती वाजता असतो?' म्हणजे ती जाळी मी एकट्याने फाडली आणि वाट मात्र सगळ्यांना दाखवून ठेवली. मी तो रन डिलीट केला, पण एकदा रेघ उमटली की ती दुसऱ्याच्या फोनमध्ये असते, ती मला कशी पुसता येणार.

म्हणून पत्रलेखकांना माझं सांगणं आहे की तुळशी राहू द्या. हा तलाव १८७९ साली बांधून झाला तो पिण्याच्या पाण्यासाठी. त्याच्या खाली विहार, तो त्याच्याही वीस वर्षं आधीचा, मुंबईला नळाने पहिलं पाणी आलं ते विहारचं. तुळशी भरला की जास्तीचं पाणी विहारमध्ये जातं, विहार भरला की मिठी नदीत, आणि आमची दहिसर नदी पण त्याच डोंगरातून निघते. ह्या तलावांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतीच्या डोंगरावर दीडशे वर्षं कुणाला घरं बांधू दिली नाहीत, आज जे जंगल दिसतं ते बरंचसं त्या पाण्याच्या पुण्याईने वाचलंय. आमच्या ग्रुपवर एकाने हिशोब टाकला होता की तुळशी दिवसाला १८ दशलक्ष लीटर देतो आणि मुंबईला मिळतं ३,९०० च्या आसपास, मग एवढ्याशा पाण्यासाठी एवढं कशाला. अरे बाबा, १८ दशलक्ष म्हणजे एक कोटी ऐंशी लाख लीटर. माणशी १३५ लीटर धरलं तर सव्वा लाखावर माणसांचं रोजचं पाणी आहे ते, आणि ट्रॅक आला की त्याच्यासोबत पार्किंग येणार, वडापावची गाडी येणार, दिवे येणार, सेल्फी पॉइंट येणार आणि बाटल्या तर येणारच येणार. पवई तलावाच्या काठाला काय काय झालं ते बघितलंय ना आपण.

बरं, धावायला जागाच नाही असंही नाही. उद्यानाच्या मेन गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर रस्ता आहे, डांबरी आहे मान्य, पण दोन्ही बाजूला जंगल आणि शेवटचा चढ असा की मॅरेथॉनमधली पेडर रोडची टेकडी त्याच्यापुढे स्पीड ब्रेकर वाटते. पावसात पळावं ह्या रस्त्यावर. कडेचे ओढे भरलेले असतात, पुलाखालून पाण्याचा आवाज येतो, आणि वरून इतका पडत असतो की घाम आणि पाऊस वेगळा कळत नाही. माकडांपासून फक्त सांभाळा. माझ्या कमरेच्या पट्ट्यातून एकाने एनर्जी जेल काढून घेतलं, दाताने पाकीट फाडलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पाकीट माझ्याच दिशेने फेकलं. चव मलाही आवडत नाही, त्यामुळे राग आला नाही.

कान्हेरीला वर गेलात, तिकीट काढून, रीतसर, तर लेण्यांच्या पायऱ्या आहेत. शंभरावर लेणी आहेत, सगळा काळा बेसॉल्ट, आणि दोन हजार वर्षांपूर्वी पायऱ्या खोदणाऱ्याने रनरच्या पोटऱ्यांचा विचार केलेला नाही. पळू नका तिथे, चाला. दम खायला थांबाल तिथे जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं दिसेल, तिथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस चर खोदून त्या टाक्यांत वळवलाय. माझ्या बायकोला धावण्यात काडीचा रस नाही, पण ती त्या चरांवरून बोट फिरवत अर्धा तास बसली होती आणि शेवटी म्हणाली, आपल्या बिल्डिंगच्या प्लंबरला इथे आणायला पाहिजे.

शुद्ध माती हवी असेल तर शिलोंड्याची वाट आहे, ओढ्याकाठाने जाणारी. तिकडे नागला आहे, उद्यानाचा उत्तरेकडचा तुकडा, जिथे जंगल उतरत उतरत वसईच्या खाडीला टेकतं. ठाण्याच्या बाजूने येऊर आहे, ठाण्याची मंडळी रविवारी तो घाट चढत असतात आणि आम्हा बोरिवलीकरांना हिणवतात की तुमच्याकडे नुसतं डांबर. शिलोंडा आणि नागला ह्या निसर्गवाटा आहेत, आधी नाव नोंदवून, वाटाड्यासोबत, चालत जायच्या. त्या धावायच्या नाहीत हे मला माहिती आहे. आणि इथेच मला खरी मागणी करायची आहे.

नवीन काही बांधू नका. एक दगड हलवू नका. ह्या ज्या आधीच मळलेल्या वाटा आहेत त्यातली एखादी, वर्षातले ठरावीक रविवार, पूर्ण उजाडल्यानंतर, पंधरा-वीसच्या वर माणसं नाहीत अशा बॅचने, धावणाऱ्यांना देऊन बघा. पुढे आणि मागे पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी, पगारी. आमच्या आठशे रुपयांत नाश्त्याचे पोहे सोडले तर बाकी सगळं त्या लीडरच्या खिशात गेलं होतं, ते पैसे ज्यांना तिथली प्रत्येक वाट आणि प्रत्येक आवाज कळतो त्यांच्या घरात जाऊ देत. कानात इयरफोन नको, ब्लूटूथ स्पीकर तर नकोच नको, घड्याळातला नकाशा पब्लिक करायचा नाही हे फॉर्मवर सही करून घ्या. जाताना खाण्याची पाकिटं मोजून द्या आणि येताना मोजून घ्या. आणि त्या मावशीने सांगितलं तसं, बोलत बोलत पळायचं. ह्याचा एक फायदा असाही की जो बोलत पळू शकत नाही तो फार जोरात पळतोय, हे कुठलाही कोच तुम्हाला सांगेल.

वनखात्याला हे जमण्यासारखं वाटलं नाही तर त्यांनी सरळ नाही म्हणावं, आम्ही कान्हेरी रोडवर पळू, तो काय वाईट नाही. पण हो किंवा नाही काहीतरी ठळक कळू द्या, कारण आज व्हॉट्सॲपवर जो सांगतो 'परमिशन सकट' त्याचं खरं की खोटं हे साध्या माणसाला ओळखता येत नाही. तुमच्या पेपरने एक चौकट छापली की कुठल्या वाटेला परवानगी लागते आणि ती कुठे मिळते, तर माझ्यासारख्या बावीस गाढवांचे पैसे वाचतील आणि एखाद्याचा घोटा पण.

ज्याचा पाय मोडला होता तो मित्र आता बरा आहे, धावतो, पण चढ आला की उजवा पाय जपून टाकतो.

आपला,
एक धावणारा वाचक, बोरिवली (पूर्व)

ता. क. त्या पत्रलेखकांचा पत्ता मला माहीत नाही म्हणून इथेच लिहितो. येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी मेन गेटच्या आत असेन, केशरी टोपी. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे रविवारच धरा. कान्हेरीपर्यंत सोबत जाऊ. वर चढ संपतो तिथे आदिवासी बायका मीठ-मसाला लावून काकडी विकायला बसतात, सुटे पैसे घेऊन या.